विंगेतून

सत्तावीस वर्षं माशेलच्या जत्रेत
विंगेतल्या स्टुलावर बसून
मी दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजलो.
अर्धंच द्यायचं. बाकीचं नट उचलतो.
अडलेला माणूस अडलेला दिसू नये,
एवढंच प्रॉम्प्टरचं काम.

घरीही हेच चाललं.
जयवंती विचारायची, कुठे होतात?
आणि आतून कुणीतरी लगेच पुढचं वाक्य द्यायचं:
बाणस्तारीला बस बंद पडली.
वीजखात्यात ऑडिट आहे.
शाणूची आई गेली.
शाणूची आई माझ्यामुळे तीनदा गेली असेल.
अजून ती अंगणात तांदूळ निवडते.

नियम होता, सूर्य बुडाल्याशिवाय नाही.
मग मी सूर्यच जरा अलीकडे ओढला.
पावसाळ्यात तर तो दिसतच नाही.
उर्राक तेवढ्यापुरतं म्हणता म्हणता
हंगाम संपला, फेणी लागली.
फेणीला हंगाम नसतो.
तांदळाच्या डब्यात एक, पेटीच्या खोक्यात एक,
मीटर वाचायला जायच्या पिशवीत एक,
आणि एक कुठे ते मलाही आठवेना.
ती निशिताला सापडली,
शाळेच्या प्रोजेक्टसाठी पुठ्ठा शोधताना.
तिने ती होती तशी परत ठेवली.
हे मला दोन वर्षांनी कळलं.

त्या जत्रेत हातातली वही थरथरत होती.
थंडी, म्हटलं. डिसेंबर होताच.
पानं भलतीच उलटली
आणि पहिल्या अंकातल्या नायिकेला
मी तिसऱ्या अंकातलं वाक्य दिलं.
गुणी मुलगी, दिलं ते घेतलं,
अजून लग्न न झालेल्या नवऱ्यासाठी हंबरडा फोडला.
मांडव हसला. मीही हसलो.
पाचव्या रांगेत जयवंती, मांडीवर खाज्याची पुडी.
तिने ती सोडलीच नाही.

सकाळी सहा. बारचं मागचं दार.
एक पेग लागायचा हात थांबवायला,
नाहीतर मस्टरवर सही व्हायची नाही.
इनासियो पोदेर सायकलवरून आला,
भोंपू वाजवायचा थांबला.
उपदेश नाही. एक गरम उंडो हातात दिला,
म्हणाला, ‘सनवारा सांजेर, फोंड्यां.
हांव भायर उबो आसतलों.’
तीन शनिवार मी गेलो नाही.
तिन्ही शनिवार तो उभा होता, असं नंतर कळलं.

आधी मी आपला आपणच सोडायला गेलो.
दुसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्या उतरल्या,
प्रत्येक मुंगीच्या तोंडात माझं एकेक वाक्य.
जयवंतीने रिक्षा बोलावली.
डॉक्टरीण म्हणाली, शूर होऊ नका.
हे एकट्याने, एकदम तोडायचं नसतं, जीव जातो.
नऊ दिवस वॉर्डात.
उंडो रोज येत होता.

चौथ्या शनिवारी गेलो.
कपेलामागची खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या,
कपाटावर फुटबॉलच्या धुळकट ढाली.
पिएदाद, निवृत्त नर्स; कदंबाचा एक ड्रायव्हर;
बावीस वर्षांचा एक पोर,
त्याचा गुडघा सारखा हलत होता.
माझी पाळी आली.
सवयीने मान डावीकडे गेली, विंगेकडे.
तिथे खिडकी. खिडकीत फणस.
कुणी शब्द पुरवला नाही.
सगळे थांबले.
आयुष्यात माझ्यासाठी कुणी एवढं थांबलं नव्हतं.
‘माझं नाव सगुण,’ मी म्हटलं,
आणि पुढचं आलंच नाही.
पिएदादने चहाचा ग्लास माझ्याकडे सरकवला.
पुढचं त्यानंतरच्या शनिवारी आलं.

आज एकशे बारा दिवस.
काल मोजायला विसरलो आणि घाबरलो.
उर्राक पुन्हा निघालाय, रस्त्यावर वास येतो,
त्या वेळी मी इनासियोला फोन लावतो,
बहुतेक वेळा तो पीठ मळत असतो,
फोन कणकेचा होतो, तरी उचलतो.

घरात एक बाटली अजून कुठेतरी आहे.
खरंच आठवत नाही.
निशिताला सांगितलं.
ती म्हणाली, चला, शोधू.
रविवारी माळ्यापासून सुरुवात केली.
मी वर चढलो.
शिडी तिने धरली होती.